ताणायचं की बदलायचं? सम्राट यंत्रापासून ग्राफिक्स कार्डापर्यंत

या मालिकेत आतापर्यंत आपण किल्ले पाहिले, तोफा पाहिल्या, मोहिमा पाहिल्या. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना झालंय तरी काय? विषय आहे कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड. पण थोडा धीर धरा. आजचा भाग मी जयपूरहून करतोय, आणि या प्रश्नाचा इतिहास जयपुरात दगड-चुन्यात बांधून ठेवलेला आहे.

आधी प्रश्न नीट मांडतो. माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, २०१६ सालच्या पिढीचं, ६ जीबी मेमरीचं. नुकताच त्याने ४के मॉनिटर घेतला, आणि कालपर्यंत लोण्यासारखे चालणारे खेळ अडखळायला लागले. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने चाळीस हजार रुपये जमवलेत. तेच पैसे त्याला पुढच्या उन्हाळ्यात पुण्यात इंटर्नशिपसाठी राहायलाही लागणार आहेत. म्हणून तो विचारतो, "मामा, आहे तेच कार्ड ओव्हरक्लॉक करू, की नवीन घेऊ?" ओव्हरक्लॉक करणं म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चिप पळवणं. फुकटात होतं, म्हणून मोह पडतो.

जुनं ताणायचं की बदलायचं, हा प्रश्न सैन्यात मी आयुष्यभर पाहिला. पण त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तोफखान्यातलं नाही. ते आहे सवाई जयसिंगाचं.

पितळेची यंत्रं आणि दगडाची यंत्रं

सवाई जयसिंग दुसरा जन्मला १६८८ मध्ये, वारला १७४३ मध्ये. अकराव्या-बाराव्या वर्षी आमेरच्या गादीवर बसला. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत तो दक्षिणेत मराठ्यांविरुद्ध लढला, पुढे बाजीरावाशी त्याच्या वाटाघाटी झाल्या. तो सगळा राजकारणाचा भाग वेगळा. पण या माणसाला खरं वेड होतं आकाशाचं. पंचांगातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ग्रहणाची वेळ, ग्रहांचे उदयास्त, सगळं थोडं थोडं चुकत होतं. कोष्टकं नव्याने करायची तर नवे वेध घ्यायला हवेत, आणि वेध घ्यायचे तर यंत्रं हवीत.

त्याने आधी पितळेची यंत्रं करवून घेतली, इस्लामी ज्योतिषाच्या परंपरेप्रमाणे. ती त्याला पुरली नाहीत, आणि का पुरली नाहीत हे त्याने 'झीज-ए-मुहम्मदशाही' या आपल्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. यंत्रं आकाराने लहान, त्यामुळे अंशाचे बारीक भाग त्यांवर पाडता येत नाहीत. आस झिजतो आणि हलतो. वर्तुळाचा मध्य सरकतो. यंत्राची पातळी बदलते. एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याने लिहिलेला दोष-अहवाल वाटावा इतकं हे स्वच्छ आहे.

मग त्याने निर्णय घेतला. तत्त्व तेच ठेवायचं, पण यंत्र दगड-चुन्याचं करायचं आणि आकार वाढवायचा. पंधराव्या शतकात समरकंदला उलुघ बेगने असंच प्रचंड यंत्र बांधलं होतं, तो आदर्श समोर होता. १७२४ मध्ये दिल्लीची वेधशाळा झाली. मग जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा. मथुरेची आज उरलेली नाही. जयपूर शहराचा पाया १७२७ चा, आणि इथलं मोठं सम्राट यंत्र १७३४ च्या सुमाराला उभं राहिलं. २०१० मध्ये युनेस्कोने या वेधशाळेला जागतिक वारशाचा मान दिला.

सम्राट यंत्र म्हणजे तसं साधं सूर्यघड्याळ. एक तिरकी भिंत, तिची सावली दोन्ही बाजूंच्या वळणदार पट्ट्यांवर पडते. पण आकार बघा. भिंत सुमारे २७ मीटर उंच, पट्टीची त्रिज्या १५ मीटरच्या वर. या आकारामुळे सावली दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे डोळ्यांदेखत चालताना दिसते. पट्टीवरची सगळ्यात बारीक खूण दोन सेकंदांची आहे. त्याच आवारात एक लघु सम्राट यंत्र आहे, त्याची खूण वीस सेकंदांची. आजच्या भाषेत सांगायचं तर जयसिंगाने रिझोल्यूशन दहापट केलं, आणि तेही नवीन तंत्र न आणता, जुनंच ताणून.

या कामात आपलाही एक माणूस होता. जगन्नाथ पंडित, ज्यांना 'सम्राट' ही पदवी होती, ते मूळचे महाराष्ट्रातले अशी परंपरा आहे. त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, तो 'सम्राटसिद्धांत'. युक्लिडची भूमितीही आणली, ती 'रेखागणित'. वर्णी लावून मिळालेली पदवी ही नव्हे.

वाढत गेलेली धूसर कड

इथपर्यंत जयसिंगाचं काहीच चुकलं नाही. पितळेच्या यंत्राचे जे दोष त्याने मोजले होते, त्या सगळ्यांवर दगडाचं मोठं यंत्र हा अचूक उपाय होता. दगडाचा आस झिजत नाही, आणि मोठ्या पट्टीवर बारीक खुणा पाडता येतात.

पण एक अडथळा आकाराने हटणारा नव्हता. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे ३२ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त दिसते. त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. पूर्ण अंधार आणि पूर्ण उजेड यांच्या मधे एक धूसर पट्टा असतो, त्याला उपच्छाया म्हणतात. १५ मीटर त्रिज्येवर हिशेबाने हा पट्टा १४ सेंटिमीटर रुंद येतो. डोळ्याला जाणवणारी कड त्याहून अरुंद असते, पण खुणा मिलिमीटरच्या आहेत, हे लक्षात घ्या.

आता खरी मेख. यंत्र निम्म्या आकाराचं केलं तर धूसर पट्टा सात सेंटिमीटर होईल. दुप्पट केलं तर अठ्ठावीस. पण वेळेच्या भाषेत मोजलं तर तिन्ही यंत्रांवर तो पट्टा दोन मिनिटांच्या आसपासच राहतो, कारण आकाशातला तेवढा कोन पार करायला सूर्याला तेवढाच वेळ लागतो. यंत्र मोठं केलं की खुणा मोठ्या होतात आणि त्यांच्याबरोबर धूसरपणाही मोठा होतो. कुशल निरीक्षक पट्टीवर दोरा किंवा काडी धरून कडेची मधली जागा शोधायचा आणि त्या युक्तीने बरंच साधायचा. पण ती करामत माणसाची. अमुक एका हद्दीनंतर यंत्राला जोडलेला प्रत्येक नवा दगड फक्त खर्च वाढवतो.

दुसरा अडथळा डोळ्याचा. उघड्या डोळ्याला साधारण एक कलेपेक्षा बारीक भेद कळत नाही. त्याच काळात, १७२९ मध्ये, इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडलीने ताऱ्यांच्या जागेत वर्षभरात पडणारा सुमारे वीस विकलांचा फरक जाहीर केला. वीस विकला म्हणजे कलेचा एक तृतीयांश. तो फरक दुर्बिणीने मोजला होता. दगडाची भिंत हिमालयाएवढी बांधली असती तरी तो उघड्या डोळ्याला दिसला नसता.

जयसिंगाला दुर्बीण ठाऊक नव्हती का? होती. झीजमध्ये गुरूचे चंद्र आणि शुक्राच्या कला दुर्बिणीतून पाहिल्याचा उल्लेख आहे. युरोपात काय चाललंय याची चौकशीही त्याने केली होती. १७२७ मध्ये मानुएल द फिग्युरेदो या जेझुइट पाद्र्याबरोबर त्याने एक शिष्टमंडळ पोर्तुगालला पाठवलं. तिथून फिलिप द ला हीर या फ्रेंच खगोलवेत्त्याची कोष्टकं आली. ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली तेव्हा चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक दिसला. अर्धा अंश म्हणजे चंद्राची स्वतःची रुंदी! यावरून जयसिंगाने काय निष्कर्ष काढला? त्यांची यंत्रं आपल्याएवढी मोठी नाहीत, म्हणून त्यांचे वेध ढळले असावेत.

इथे मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्या माणसाने पितळेच्या यंत्राचे दोष इतक्या बारकाईने नोंदवले, तो इथे आकाराशिवाय दुसरं माप लावत नाही. पहिल्या लढाईत ज्या शस्त्राने विजय मिळाला, त्याच शस्त्राने दुसरी लढाई मोजली गेली. सेनापतींचं असं होतं, हे आपण या मालिकेत अनेकदा पाहिलं आहे.

पण त्याला मागासलेला म्हणून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. युरोपातही हा वाद झालाच होता. डान्झिगचा योहानेस हेवेलियस शेवटपर्यंत उघड्या डोळ्यांनी वेध घेत राहिला. लंडनचा रॉबर्ट हूक त्याच्यावर तुटून पडला. मग १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅली खात्री करायला डान्झिगला गेला, आणि म्हाताऱ्याचे वेध उत्तम आहेत असं सांगत परतला. म्हणजे जुन्या तंत्राचं शिखर आणि नव्या तंत्राचा पायथा एकाच उंचीवर होते. त्या दिवशी शेजारी शेजारी उभं करून पाहणाऱ्याला फरक दिसलाच नसता. फरक पुढच्या पन्नास वर्षांत दिसला: एका वाटेला चढ शिल्लक होता, दुसरीला नव्हता.

आणखी एक. दुर्बीण म्हणजे सुटी वस्तू नव्हे. तिच्याबरोबर बारीक मोजणारा मायक्रोमीटर लागतो, चांगलं लंबकाचं घड्याळ लागतं, भिंगं घासणारे कारागीर लागतात, एकमेकांचे वेध तपासणाऱ्या संस्था लागतात. पोर्तुगालहून ग्रंथ आणि कोष्टकं आली, हा सगळा पसारा आला नाही. नवीन घ्यायचं म्हटलं की किंमत फक्त त्या एका वस्तूची नसते.

तीच गोष्ट सिलिकॉनमध्ये

आता पुन्हा भाच्याच्या टेबलावर येऊ. ओव्हरक्लॉकिंगचं सुवर्णयुग होतं १९९८ चं. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, बसचा वेग ६६ वरून १०० केला की बहुतेक वेळा ४५० वर पळायचा. दीडपट वेग फुकट! कारण चिपमध्ये दम होता, कंपनीने फक्त लेबल खालचं लावलं होतं. आज तसा दम शिल्लक ठेवला जात नाही. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून कार्ड स्वतःच तापमान आणि वीज पाहून वेग वाढवतं. त्यावर आपण ताणून साधारण पाच ते दहा टक्के मिळवतो.

ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासात एक जयसिंगही होऊन गेला. थ्रीडीएफएक्स ही कंपनी. १९९६ मध्ये तिच्या व्हूडू कार्डाने घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमितीय खेळ आणले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढलं, त्यात आकृतीचं आणि प्रकाशाचं गणित चिपवरच होत होतं. थ्रीडीएफएक्सने २००० मध्ये उत्तर दिलं व्हूडू ५ ५५०० ने: एकाच कार्डावर दोन चिपा, पण ते गणित अजूनही प्रोसेसरवर सोडलेलं. चार चिपांचं व्हूडू ५ ६००० तर बाजारात आलंच नाही. ५५०० हे कार्ड वाईट होतं असं नाही. कडा गुळगुळीत करण्यात त्याची चित्रं लोकांना फार आवडली. हेवेलियसचे वेधही उत्तमच होते. पण २००० च्या डिसेंबरमध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकायचं जाहीर केलं.

आधी मोजा

मग भाच्याने काय करावं? मी त्याला एवढंच सांगितलं, आधी अडलंय कुठे ते मोज. जुना फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, ८२,९४,४००. बरोबर चौपट. त्याच्या आवडत्या खेळात फुल एचडीवर सेकंदाला ६२ फ्रेम मिळत होत्या, ४केवर १९. जमेल तेवढं ओव्हरक्लॉक करून पाहिलं, २१ झाल्या. आठ-दहा टक्क्यांच्या शिडीने चौपट उंचीची भिंत चढता येत नाही, हे कागदावर लिहिल्यावर निम्मा मोह गेला.

पुढची चाचणी अशी. रिझोल्यूशन खाली आणून बघायचं. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडवतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, मग कार्ड ताणून किंवा बदलून फारसा उपयोग नाही. तिसरी चाचणी मेमरीची. चित्रांचा दर्जा उतरवल्यावर मधेच बसणारे झटके थांबले, तर मेमरी भरतेय. ६ जीबी मेमरी ओव्हरक्लॉक करून ८ जीबी होत नाही. ती आपली उपच्छाया. भाच्याच्या दोन खेळांत नेमकं हेच निघालं.

आता ताणण्याची किंमत. तोफेत पूर्ण भाराचा गोळा उडवला की नळी जास्त झिजते, म्हणून नळीचं आयुष्य आम्ही पूर्ण भाराच्या गोळ्यांत मोजतो. हलक्या भाराचा गोळा हिशेबात अपूर्णांकात धरतात. चिपचं तसंच. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज पाच टक्के वाढवलं, तर वीज सुमारे एकवीस टक्के जास्त. ती सगळी उष्णता होते. हिवाळ्यात खोली वीस अंशांवर असताना सत्तरवर राहणारं कार्ड, मे महिन्यात खोली अडतीसवर गेली की अठ्ठ्याऐंशीच्या घरात जातं आणि स्वतःच वेग कमी करतं. जयपूरच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक म्हणजे दुपारी बाराला पूर्ण पाठपिशवी लादून पळणं. इथे उलटा उपाय कामाचा: व्होल्टेज थोडं कमी करायचं, त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कार्ड थंड राहतं आणि वेग टिकून राहतो.

इंटरनेटवर द्रव नायट्रोजन ओतून केलेले विक्रम दिसतात, त्यांना भुलू नका. जयगडावर १७२० मध्ये ओतलेली जयबाण तोफ आहे, सुमारे पन्नास टनांची. ती चाचणीसाठी एकदाच उडवली असं सांगतात, आणि गोळा पस्तीस किलोमीटर गेला असंही वाटाडे सांगतात. तोफखान्यातला माणूस त्यावर नुसता हसतो. एकदा उडालेल्या तोफेवर लढाईचा बेत आखत नाहीत.

ताणणं आणि बदलणं यांच्यामधे तिसरी वाटही असते. आपल्या सैन्याच्या १३० मिलिमीटर एम-४६ तोफांचंच बघा. गाडा भक्कम होता, पल्ला साधारण २७ किलोमीटर. गाडा ठेवून त्यावर १५५ मिलिमीटरची नळी बसवली, ती 'शारंग'. पल्ला ३६ किलोमीटरच्या पुढे गेला. कार्डातही अशी वाट आहे. खेळ कमी रिझोल्यूशनवर चालवायचा आणि चित्र मोठं करायचं काम एफएसआरसारख्या तंत्रावर सोपवायचं, ते जुन्या कार्डावरही चालतं. किंवा सरळ फुल एचडीवर खेळायचं. ४के पडद्यावर तेव्हा एका पिक्सेलच्या जागी नेमके चार येतात.

भाच्याने हिशेब मांडला. नवीन कार्ड घ्यायचं तर त्याचा पॉवर सप्लायही बदलावा लागणार होता. दुर्बिणीबरोबर घड्याळ येतं ते असं. दोन्ही मिळून चाळीस हजारांत काहीच उरत नव्हतं. त्याने व्होल्टेज उतरवलं, एफएसआर चालू केलं, जड खेळ फुल एचडीवर आणले आणि पैसे पुण्यासाठी ठेवले. नोकरी लागल्यावर कार्ड आणि पॉवर सप्लाय एकदम घेणार आहे. तुमच्या चाचणीत फक्त दहा टक्के कमी पडत असतील, तर तुम्ही बेलाशक ओव्हरक्लॉक करा. तुमच्याकडे पैसे असतील आणि मेमरी अडवत असेल, तर बदलून मोकळे व्हा. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल, मोजणी मात्र सगळ्यांना करावीच लागेल.

जंतरमंतरला आलात तर सकाळी दहाच्या सुमारास या. आधी लघु सम्राट यंत्र बघा, मग मोठं. मोठ्या यंत्राच्या पट्टीवर सावलीच्या कडेशी एक काडी धरा आणि कड नक्की कुठे संपते ते ठरवायचा प्रयत्न करा. या वास्तूची १९०१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. लेफ्टनंट गॅरेट हा फौजी अभियंता आणि 'उसने कहा था' ही कथा लिहिणारे चंद्रधर शर्मा गुलेरी, या दोघांनी ती केली, म्हणून आज खुणा वाचता येतात. उज्जैनची वेधशाळा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली.

पुढच्या भागात उज्जैनलाच जाऊ. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा विषय घेऊ. तिथेही ताणायचं की बदलायचं हाच प्रश्न होता, आणि त्यांनी बदललं.

जय हिंद.